आधी कागद, मग कुदळ



१७ जानेवारीचा हुतात्मा दिन, १ जूनचे अभिवादन आणि १ नोव्हेंबरचा काळा दिन यांवर या पत्रकात आजवर पुष्कळ लिहिले गेले, पुढेही लिहिले जाईल. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याची प्रत्येक तारीख आपण कॅलेंडरवर खूण करून ठेवतो. या अंकाचा विषय मात्र आपल्याच गल्लीतला आहे. पडायला आलेले जुने घर पाडून नवे बांधायचे, त्याची परवानगी काढायची, आणि घर उभे राहिल्यावर वीज, पाणी, ड्रेनेज जोडून घ्यायचे. काहींना वाटेल की हे इंजिनिअरचे काम, राजकीय पत्रकाचे नव्हे. आम्हाला तसे वाटत नाही. बेळगावातील मराठी कुटुंबाचा सरकारशी सर्वांत जास्त संबंध येतो तो याच कामात, आणि सर्वांत जास्त वाकावे लागते तेही याच कामात.

ज्याच्या घराचा कागद पक्का नाही, तो माणूस सभेत मागे बसतो. त्याला माहीत असते की वरचा मजला परवानगीशिवाय चढला आहे, मीटर कोणाच्या तरी चिठ्ठीवर बसले आहे, आणि उद्या तक्रार झाली तर त्याच माणसाच्या दारात पुन्हा जावे लागणार आहे. मग निवडणुकीत त्याचे मत कोणाकडे जाते हे सांगायला नको. महापालिकेच्या ५८ प्रभागांची निवडणूक २०२१ साली झाली आणि तिच्या निकालाची चर्चा आपण अनेक अंगांनी केली. फूट, उमेदवारांची गर्दी, पक्षचिन्हे, पैसा ही कारणे सर्वांनी मोजली. पण किती घरांत मतदार आधीच कागदासाठी बांधला गेला होता, हे कोणी मोजले नाही.

हा विषय आत्ताच घेण्याचे कारण असे. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील मेरठच्या एका प्रकरणात निकाल दिला. निवासी भूखंडावर दुकाने उभी राहिली होती आणि तीस-पस्तीस वर्षे कोणी हात लावला नव्हता. न्यायालयाने ते बांधकाम तर पाडायला सांगितलेच, पण देशभरासाठी काही सूचनाही घालून दिल्या. बांधकाम चालू असताना मंजूर नकाशा जागेवर लावलेला असावा. अधिकाऱ्यांनी वेळोवेळी तपासणी करून तिची नोंद ठेवावी. इमारत नकाशाप्रमाणे झाली आहे असा पूर्णत्वाचा किंवा वापराचा दाखला पाहिल्याशिवाय वीज, पाणी, सांडपाण्याचे कनेक्शन देऊ नये. बँकांनीही दाखला तपासून मगच कर्ज द्यावे. चुकीचा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यावरही कारवाई व्हावी.

या निकालाचा परिणाम कर्नाटकात २०२५ साली दिसू लागला. वीज कंपन्यांनी वापर परवाना, म्हणजे सगळे ज्याला ओ.सी. म्हणतात तो कागद, मागायला सुरुवात केली आणि घर बांधून तयार असलेली माणसे अंधारात अडकली. कोणी बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर जास्त दराने दिवस काढू लागले, कोणी शेजाऱ्याकडून वायर ओढली. ओरड झाल्यावर त्याच वर्षी राज्य सरकारने बंगळूरसाठी १२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील लहान निवासी इमारतींना या दाखल्यातून सवलत दिली. बंगळूरची ओरड लवकर ऐकू जाते. आपल्या महापालिकेत अशी सवलत कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेपासून आणि किती क्षेत्राला लागू होते, हे प्रत्येकाने आपल्या अर्जापुरते लेखी विचारून घ्यावे. ‘होतंय म्हणे’ या शब्दांवर कॉलम उभे करू नयेत. सवलत असली तरी तिचा अर्थ दाखला नको एवढाच आहे. नकाशा नको असा नाही.

आता आपल्या घरांकडे वळू. शहापूर, वडगाव, अनगोळ, किंवा गावातील कोणत्याही जुन्या गल्लीत जा. पुढून पंधरा-अठरा फूट रुंद, मागे शंभर फूट लांब, मध्ये एक चौक, दोन्ही बाजूंना सामाईक भिंती, अशी घरे आहेत. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव, काही ठिकाणी पणजोबांचे. महापालिकेच्या घरपट्टीवर थोरल्या काकांचे नाव, कारण पावती भरायला ते जात. विजेचे बिल तिसऱ्याच नावाने, कारण मीटर घेतले तेव्हा भाडेकरू राहत होता. तिन्ही नावे एकाच घराची आहेत हे गल्लीला माहीत आहे, पण कचेरीला माहीत नाही. चाळीस वर्षे याने काही अडले नाही, म्हणून कोणी लक्षही दिले नाही. पाडायची वेळ आली की मात्र सगळे एकदम अडते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण शिकलेली माणसेही यात गोंधळतात. सिटी सर्व्हेचा उतारा आणि महापालिकेचा खाता ही दोन वेगळी दप्तरे आहेत. पहिले भूमापन खात्याचे. ते जागेची हद्द, क्षेत्र आणि कब्जेदार सांगते. दुसरे कराचे, घरपट्टी कोणी भरायची ते सांगते. एकात नाव चढले म्हणून दुसऱ्यात आपोआप चढत नाही. आणि यातले एकही दप्तर खरेदीखताची किंवा वाटणीपत्राची जागा घेत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून कर्नाटकात शहरी मिळकतीच्या कोणत्याही दस्तनोंदणीला ई-खाता सक्तीचा झाला. म्हणजे विकणे, गहाण टाकणे, बक्षीस देणे, भावांत वाटणी नोंदवणे, सगळ्याला आधी संगणकावरचा खाता हवा. त्यासाठी जुना खाता ज्याच्या नावावर आहे तो हयात हवा, नाहीतर वारसांची नोंद हवी. आजोबांच्या नावाच्या उताऱ्यावर नातवाला नकाशा मंजूर होत नाही, आणि ते बरोबरच आहे.

वारसा नोंदीचे काम कचेरीत जितके अडते त्याहून जास्त घरात अडते. बहिणी. कोल्हापूर, पुणे, हुबळी, गोवा येथे दिलेल्या आपल्या लेकी-बहिणींची नावे वारसात घालायची म्हटली की अजूनही काही घरांत आवाज चढतो. कायदा आता निर्विवाद आहे. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच वाटा होता. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही तिला मुलाइतका हक्क आला, आणि त्या वेळी वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. बहिणीचे नाव वगळून वंशावळ करून देणारा कोणी भेटेल. ती वंशावळ नकाशा मंजूर होईपर्यंत चालेल आणि स्लॅब पडल्यावर कोर्टाची मनाई येईल. बहिणीला वाटा द्यायचा की तिने आपखुशीने सोडायचा, हे घरात बसून ठरवा. सोडायचा असेल तर उपनिबंधक कचेरीत नोंदवलेले हक्कसोडपत्र हवे. शंभर रुपयांच्या बॉण्डवर घेतलेली सही आणि वर दिवाळीची साडी, याने हक्क सुटत नाही.

बॉण्डचा विषय निघालाच आहे तर गुंठ्यांच्या जागांबद्दलही बोलू. शहराच्या कडेने शेतजमिनी एन.ए. न करता, बुडाकडून आराखडा मंजूर न करता तुकडे पाडून विकल्या गेल्या. विकणारे आपले आणि घेणारेही आपलेच. त्या जागांवर आज सिमेंटची दुमजली घरे आहेत, रस्ते आहेत, देवळे आहेत. कागद मात्र बॉण्डचा. अशांना वर्षानुवर्षे एकच गाजर दाखवले गेले, अक्रम-सक्रम. दंड भरा आणि नियमित व्हा, अशी ती योजना. तिला जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, पण त्यानंतरही निवडणुकीच्या तोंडावर तिचे नाव घेणारे थांबले नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने नगरपालिका-महापालिका हद्दीतील अशा मिळकतींना ब खाता देण्याची तीन महिन्यांची मोहीम जाहीर केली. ज्यांनी तो घेतला त्यांचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. मिळकत एकदा दप्तरात आली हे चांगलेच झाले. पण ब खाता हा कर घेण्यासाठीचा कागद आहे. त्याने जागा एन.ए. होत नाही, आराखडा मंजूर होत नाही आणि बांधकामाची परवानगीही हाती येत नाही. ग्रामपंचायत हद्दीत, म्हणजे शहराला लागून असलेल्या गावांत, याच धर्तीवर ई-स्वत्तुचे फॉर्म ९ सोबत ११-अ की ११-ब हे पाहावे. ११-ब हाती देऊन ‘सगळे क्लिअर आहे’ म्हणणाऱ्या एजंटापासून चार हात लांब राहावे. (कॅम्पातल्या मंडळींचा प्रकार वेगळा. तेथे कॅन्टोन्मेंट बोर्ड आणि लष्कराची जमीन असल्याने त्यावर स्वतंत्रच लिहावे लागेल.)

कागद जुळले की नकाशा. १९७६ च्या कर्नाटक महानगरपालिका कायद्याच्या कलम २९९ खाली हा अर्ज जातो. पूर्वी तो हातात घेऊन आपण खिडकीवर जात होतो. आता तो ऑनलाइन जातो, आणि जातो तो नोंदणीकृत इंजिनिअरच्या किंवा आर्किटेक्टच्या लॉगिनमधून. सोय झाली, पण घरमालक स्वतःच्याच अर्जाला परका झाला. अर्ज खरोखर केव्हा भरला, त्रुटी केव्हा निघाली, ती कोणती, हे त्याला तोंडी कळते, तेही इंजिनिअरला वेळ असेल तेव्हा. ‘फाइल वर अडकली आहे’ या वाक्याखाली कितीतरी महिने जातात आणि पुष्कळदा फाइल वर गेलेलीच नसते. म्हणून काम देतानाच ठरवून घ्यावे: अर्ज क्रमांक आणि पोच त्याच दिवशी मिळाली पाहिजे, त्रुटीचा कागद जसाच्या तसा मिळाला पाहिजे, आणि मंजूर झाल्यावर परवाना व शिक्क्याचा नकाशा दोन्ही आपल्या कपाटात राहिले पाहिजेत. चांगला इंजिनिअर याला नाही म्हणत नाही.

अरुंद गल्लीत पुढचे-मागचे अंतर किती सोडायचे, एफ.ए.आर. किती मिळतो, गाडीची जागा कुठे दाखवायची, यावर खरा झगडा असतो. अठरा फुटी घराला नव्या कॉलनीचे नियम लावले तर राहायला खोल्या उरत नाहीत, हे खरे आहे. यावर आपल्याकडे जो उपाय रूढ झाला आहे तो मात्र आत्मघातकी आहे. कागदावर अंतर सोडून नकाशा मंजूर करायचा आणि जागेवर भिंतीला भिंत लावून बांधायचे. पूर्वी वीज मिळत होती म्हणून हे खपले. आता दाखला देताना जागा आणि नकाशा शेजारी ठेवून पाहिले जाणार. जुन्या वस्तीसाठी वेगळे, पाळता येण्यासारखे नियम हवेत, ही रास्त राजकीय मागणी आहे आणि ती शहराच्या आराखड्यावर हरकती घेताना करायची असते. हरकतींची मुदत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते आणि जाते. सभागृह भरवणारे आपण तेव्हा किती हरकती दाखल करतो?

रस्ता रुंदीकरणाचेही असेच. परवानगीच्या वेळी पुढची काही फूट जागा सोडून दिल्याच्या हमीपत्रावर सही मागितली, तर ते न वाचता करू नका. रस्त्यासाठी जागा घ्यायची तर भूसंपादन आणि भरपाई असते. शहापूरच्या बाजूला स्मार्ट सिटीच्या कामात रीतसर संपादन न करता रस्ता काढला गेला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये महापालिकेवर ती जागा मालकाला परत करण्याची वेळ आली. त्या मालकाकडे कागद होता आणि तो जपण्याची चिकाटीही होती.

खर्चात एक रक्कम अनेकांना शेवटी कळते. बांधकाम खर्चावर कामगार कल्याण उपकर असतो, १९९६ च्या कायद्याप्रमाणे तो एक टक्का होता. त्या कायद्यात स्वतःला राहण्यासाठी दहा लाखांच्या आत खर्चाचे घर असेल तर तो लागत नसे. आजच्या सिमेंट-लोखंडाच्या भावात दहा लाखांत काय उभे राहते, हा प्रश्न वेगळा. पण हा पैसा गवंडी आणि बिगारी यांच्यासाठी आहे, आणि त्यात खानापूर-चंदगडकडून येणारी आपलीच पोरे आहेत. भरताना कुरकुर करू नये, आणि त्या पोरांची मंडळात नोंद आहे का तेही विचारावे.

बांधकाम संपले की बहुतेकांचा उत्साह वास्तुशांतीत संपतो. खरे काम तेव्हाच असते. कलम ३१० प्रमाणे बांधकाम पूर्ण झाल्यापासून एक महिन्याच्या आत आयुक्तांना लेखी सूचना द्यायची असते. आयुक्तांची परवानगी आली की घर वापरता येते, आणि सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत त्यांनी नकार कळवला नाही तरीही वापरता येते, असे ते कलम म्हणते. हे दुसरे वाक्य फार थोड्यांना माहीत आहे. ते आपल्या उपयोगी पडायचे तर सूचना दिल्याची तारीख आणि शिक्का असलेली पोच हवी. तोंडी सांगून आलो, साहेबांना भेटलो, याने तीस दिवस सुरू होत नाहीत. वीज कंपनी या कलमावर मीटर देईलच असे आम्ही सांगत नाही. ती दाखल्याचा कागदच मागेल. पण आयुक्तांना धाडायच्या पुढच्या पत्रात हे कलम घातले की त्या पत्राला वजन येते.

पोचेचा आणखी एक उपयोग आहे. कर्नाटकात २०११ चा सेवा हमी कायदा आहे, सकाल या नावाने तो २०१२ पासून चालतो. त्यात येणाऱ्या सेवेच्या अर्जाला पंधरा अंकी क्रमांक मिळतो आणि मुदत ठरलेली असते. मुदत टळली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये, अशी भरपाई आहे. पाचशे रुपयांनी कोणी श्रीमंत होणार नाही, पण ती संबंधित अधिकाऱ्याच्या पगारातून जाते आणि त्याच्या नावापुढे नोंद होते. क्रमांक न देता अर्ज ‘ठेवून जा’ म्हणणारा कारकून नेमके हेच टाळत असतो. क्रमांक मागा, आणि नम्रपणे मागा. पण घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

विजेबद्दल कायदा ग्राहकाच्या बाजूने पुष्कळ आहे. २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली दुरुस्ती होऊन, पूर्ण अर्ज दिल्यावर महानगरांत तीन, इतर नगरपालिका हद्दीत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांत नवे कनेक्शन देण्याची मुदत ठरली. नवी लाइन किंवा ट्रान्सफॉर्मर लागत असेल तर अर्थातच जास्त वेळ लागतो. हेस्कॉमचे सात दिवस मोजायचे तर अर्ज ‘पूर्ण’ हवा, आणि पूर्ण म्हणजे आता दाखल्यासह. गाडी पुन्हा महापालिकेच्या दारातच येते ती अशी. आणखी एक धोका येथे सांगून ठेवतो. घर पाडताना जुने घरगुती मीटर तसेच ठेवून त्यावर मिक्सर आणि कटर चालवले जातात. वीज कायद्याच्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. बांधकामासाठी तात्पुरते कनेक्शन घ्यावे आणि जुने मीटर सरेंडर केल्याचा कागद घ्यावा. वडगाव-खासबागमधल्या ज्या घरांत माग आहेत त्यांनी मागाचे आणि घराचे मीटर नव्या नकाशात पहिल्यापासून वेगळे दाखवावे, नंतर वेगळे करताना दमछाक होते.

पाण्याचे जुने नळ कनेक्शन आजोबांच्या नावावर असते आणि थकबाकीही त्यांच्याच नावावर साठलेली असते. ती आधी पाहावी. २००८ मध्ये दहा प्रभागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला तेव्हा मीटर, नवी वाहिनी, नवा खाता असे सगळे झाले. राकसकोप आणि हिडकलचे पाणी असूनही बाकीचे शहर मागेच राहिले. आपल्या गल्लीत नवी वाहिनी पडली असेल तर जोडणी तिलाच घ्या, जुन्या नळाला जोड मारून रस्ता दोनदा खोदू नका. ड्रेनेजचे एवढेच सांगणे की चेंबरची पातळी जोते भरण्यापूर्वी बघा. पावसाळ्यात घाण आत येणारी नवी घरे आपल्या शहरात काही कमी नाहीत.

आता भाषेकडे. वर सांगितलेला प्रत्येक कागद कन्नडमध्ये आहे. अर्ज, त्रुटीपत्र, हमीपत्र, परवान्यामागच्या अटी, नोटीस, सगळे. १९८१ च्या कायद्याने कर्नाटकातील स्थानिक संस्थांची कारभाराची भाषा कन्नड आहे, हे वास्तव आहे. पण तेवढेच वास्तव नाही. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ साली, केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांना दिलेल्या हमीत आणि १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरले होते की जेथे अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण पंधरा टक्के किंवा अधिक आहे तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत. कोर्टात कलमासारखी दाखवता येईल अशी ही हमी नाही. पण ती कोणत्याही सरकारने मागे घेतलेली नाही. आणि घटनेचे कलम ३५० तर स्पष्ट आहे: तक्रारीचे निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याला देता येते. बांधकामाचा मूळ अर्ज यात येत नाही. पण अर्ज अडला, नोटीस चुकीची आली, मुदत टळली, तर त्याविरुद्धचे निवेदन मराठीत देण्याचा हक्क निर्विवाद आहे. ‘कन्नडात आणा’ म्हणून ते परत करता येत नाही. उत्तर मराठीत मिळेल असे मात्र कलमात नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांचे विभागीय कार्यालय एके काळी याच शहरात होते. त्यांच्याकडे शाळा आणि फलक यांच्या तक्रारी आपण पाठवतो. बांधकाम परवान्याच्या अटी मराठीत मिळत नाहीत, अशा तक्रारीही पाठवायला हव्यात, कारण यात नुकसान रुपयांत दाखवता येते.

आणि एक अप्रिय गोष्ट. मराठीचा आग्रह धरणे आणि कन्नड वाचता न येणे यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. आपले वडील-आजोबा मोडी वाचत, कन्नडही वाचत, कारण व्यवहार तसा होता. आज ज्याला कन्नड वाचता येत नाही त्याला तो कागद एजंट वाचून दाखवतो, आणि एजंट त्याला हवे तेवढेच वाचतो. घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीला कन्नड येते, तिला बरोबर घेऊन बसा. ती वाचेल, तुम्ही मराठीत अर्थ लिहून ठेवा, मग सही करा. यात लढ्याची हार कुठेच नाही.

नगरसेवकांना आमचे विचारणे आहे. २००५ आणि २०११ साली महापालिका बरखास्त झाली तेव्हा मराठी नगरसेवकांनी किंमत मोजली, हे शहर विसरलेले नाही. २०१९ ते २०२३ अशी जवळपास चार वर्षे सभागृहच नव्हते आणि परवानग्यांचा कारभार केवळ अधिकाऱ्यांच्या हाती होता. आता सभागृहात बसताना विषयपत्रिका मराठीत मागण्याबरोबर चार साधे कागद मराठीत मागा: बांधकाम परवान्याच्या अटी, पूर्णत्वाच्या सूचनेचा नमुना, वारसा नोंदीला लागणाऱ्या कागदांची यादी आणि त्रुटीपत्राचा नमुना. एका ठरावात बसतील एवढे ते आहेत. कोणत्याही पक्षाचा मराठी नगरसेवक त्याला नाही म्हणून दाखवू दे. शिवाय जुन्या गल्ल्यांसाठी वेगळे बांधकाम नियम आणि लहान घरांच्या दाखल्याबद्दल बेळगावला नेमके काय लागू आहे याचे लेखी परिपत्रक, हेही त्याच सभेत यावे. जो नगरसेवक आजवर अनधिकृत मजल्याला ‘बघतो मी’ म्हणून आशीर्वाद देत आला, त्याला ही मागणी फारशी आवडणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे.

मंडळापुरते ठरले आहे ते असे. ज्यांना येत्या वर्षात घर पाडून बांधायचे आहे त्यांनी सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टीची शेवटची पावती, वीज-पाण्याची बिले आणि वंशावळ यांच्या झेरॉक्स घेऊन संध्याकाळच्या वेळी कार्यालयात यावे. मूळ कागद आणू नयेत. तिन्ही नावे कुठे जुळत नाहीत हे तेथे बसून काढता येईल. कन्नड वाचणारे दोघे आणि निवृत्त सर्व्हेअर एक, असे तिघे मदतीला बसायला तयार आहेत. परवाना काढून देण्याचे काम मंडळ करणार नाही आणि कोणाकडून त्यासाठी पैसेही घेणार नाही. ज्यांच्याकडे मुदत टळलेले अर्ज किंवा न समजलेली कन्नड नोटीस आहे, त्यांनी तिची एक प्रत मंडळाकडे ठेवावी. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे जाणाऱ्या निवेदनाला त्या जोडायच्या आहेत, आणि निवेदन मराठीतच जाणार आहे.